पार्श्वभूमी : व्याही कोणत्या रकान्यात बसतो?

गावातल्या गृहनिर्माण न्यासाच्या नव्या जागेला पाण्याची लाइन देण्याचा विषय पालिकेच्या सभेत आला, गदारोळ झाला, सभा तहकूब झाली. माइक कोणी ओढला याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत, ते पुन्हा सांगत नाही. त्या व्हिडिओत एक शब्द तीन-चारदा ऐकू येतो: हितसंबंध. फेकणाऱ्याला जे म्हणायचं होतं आणि ज्याच्यावर फेकला त्याने, म्हणजे न्यासाचे सचिव असलेल्या नगरसेवकाने, जे उत्तर दिलं, त्या दोन वेगळ्याच गोष्टी होत्या. हे टिपण मुख्यतः त्या शब्दाबद्दल आहे. जमिनीचा इतिहास त्यासाठी लागतो तेवढाच.

गृहनिर्माण न्यास १९७२ च्या दुष्काळानंतरचा. अमळनेर, धुळे, जळगाव, चाळीसगावला कापडगिरण्या होत्या, गिरणीमागे चाळीही होत्या. आमच्यासारख्या गावात मात्र नुसतं जिनिंग-प्रेसिंग. जिनिंग हंगामी, म्हणून मजूरही हंगामी धरला जायचा, आणि त्याच्या डोक्यावर छप्पर आहे की नाही हे बघायची जबाबदारी कोणाचीच नसायची. दुष्काळात कोरडवाहू गावांतली माणसं खडी फोडायला निघाली, त्यातली बरीच परत गेलीच नाहीत. एका जिनिंगमालकाने जिनिंगमागची पडीक जागा दिली, चार प्रतिष्ठितांनी वर्गणी काढली आणि पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा उभ्या राहिल्या. संस्थेची नोंदणी महाराष्ट्रात बहुतेक जण करतात तशीच दुहेरी: १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली.

गाव मात्र तिला पहिल्यापासून 'सोसायटी' म्हणत आलंय, आणि तिथे पहिला घोळ आहे. सहकारी सोसायटीत राहणारा भागधारक असतो, त्याला मत असतं. न्यासात राहणारा लाभार्थी. पण न्यास वर्षानुवर्षं खोलीवाल्यांकडून जे पैसे घेत आला, त्याच्या पावतीवर छापलंय 'सभासद वर्गणी'. दुसऱ्या रांगेतल्या एका आजींनी दुधाच्या पिशवीत घडी करून ठेवलेल्या पावत्या मला दाखवल्या. १९८० च्या आसपासच्या पावत्यांची शाई पुसट झालीय, शिक्का मात्र ठळक. मग म्हणाल्या, "घर शे ना भाऊ, पन कागद कोठे शे?" घटनेप्रमाणे त्या सभासद नाहीत. सभासद आहेत एकवीस, सगळे गावातले व्यापारी, डॉक्टर, वकील आणि पुढारी. विश्वस्त त्यांच्यातूनच निवडले जातात. खोलीवाल्यांपैकी एकही कधी विश्वस्त झालेला नाही.

मधली तीस वर्षं सोडून देतो. पत्रे बदलले, दोनदा संडास बांधले, जुने विश्वस्त वारले, त्यांची मुलं आली. बदल अर्ज वेळेत न गेल्याने एका दिवंगत विश्वस्ताचं नाव अजून परिशिष्ट एकच्या, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदवहीच्या, उताऱ्यावर आहे. हे असं पुष्कळ संस्थांत असतं.

फरक पडला तो रस्त्यामुळे. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर हा जुना ६ नंबर, आता ५३, चौपदरी व्हायला लागला. गावाला वळणरस्ता मिळाला आणि जिनिंगमागची पडीक जागा एका रात्रीत मोक्याची झाली. जिनिंग आधीच बंद पडलं होतं. जागा विकून त्या पैशांत गावाबाहेर मोठी जागा घ्यायची आणि पन्नासच्या जागी दीडशे कुटुंबांना घरं द्यायची, असा ठराव विश्वस्तांनी केला. कागदावर हा ठराव चांगला आहे. मी आजही तो वाईट म्हणणार नाही.

विक्रीत खोट काढणं अवघड. विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला पूर्वपरवानगी लागते. मूल्यांकन झालं, वर्तमानपत्रात जाहिरात आली, बंद पाकिटातून देकार आले, प्रकरण नाशिकला सहधर्मादाय आयुक्तांकडे गेलं आणि मंजुरी घेऊन आलं. २०१७ च्या दुरुस्तीने अपवादात्मक परिस्थितीत कार्योत्तर मंजुरीची वाट उघडली, तिचाच फायदा उचलला अशी चर्चा चहाच्या टपऱ्यांवर आहे. ती चुकीची आहे, मंजुरी आधीची आहे.

गाडं अडतं खरेदीवर. कलम ३६ विक्रीबद्दल बोलतं, अदलाबदल आणि बक्षिसाबद्दल बोलतं, शेतजमिनीच्या दहा वर्षांहून लांब आणि बिनशेती जागेच्या किंवा इमारतीच्या तीन वर्षांहून लांब भाडेपट्ट्याबद्दलही बोलतं. खरेदीबद्दल ते गप्प आहे. म्हणजे 'आमची जागा घ्या, तुमची द्या' असा एकच व्यवहार केला असता तर दोन्ही जागांची किंमत आयुक्तांसमोर आली असती. तो दोन तुकड्यांत झाला. पहिल्या तुकड्यावर सरकारी नजर होती, दुसऱ्यावर फक्त विश्वस्तांची.

दुसऱ्या तुकड्यात आणखी एक पदर आहे. आपल्याकडे १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ लागू आहे, शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. न्यास शेतकरी नाही. त्यामुळे त्याला एक तर परवानगी काढावी लागणार, नाही तर आधीच बिनशेती झालेली जमीन घ्यावी लागणार. शेजारच्या गावच्या शिवारातली जी साडेचार एकर घेतली ती बिनशेतीच होती. ती बिनशेती झाली न्यासाच्या ठरावाच्या दहा महिने आधी. तोवर तिथे कपाशी होती, विहिरीला उन्हाळ्यात पाणी नसायचं आणि बिनशेती करून तिथे कोण घर बांधणार होतं, हे त्या शिवारातल्या माणसालाही सांगता येत नाही. बिनशेतीने दर किती चढतो हे वाचकांना सांगायला नको.

जमीन होती न्यासाच्या सचिवांच्या व्याह्याची.

आता शब्दाकडे. सभेत आरोप झाला तेव्हा सचिवांचं उत्तर होतं, "माझा काडीचाही हितसंबंध नाही, कायदा काढून दाखवा." त्यांनी आव्हान दिलंच आहे, तर काढून बघू.

पालिकेच्या १९६५ च्या कायद्यात कलम १६ आहे. पालिकेच्या कामात किंवा करारात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध आहे तो नगरसेवक व्हायला अपात्र. तिथे स्वतःचा आणि भागीदाराचा हिस्सा मोजतात. साडू, जावई, व्याही हे शब्द तिथे सापडत नाहीत. शिवाय जमीन पालिकेने घेतली नाही, न्यासाने घेतली. आणि तिसरी गोष्ट म्हणजे व्यवहार झाला तेव्हा सचिव नगरसेवक नव्हतेच. राज्यातल्या पुष्कळ पालिकांची मुदत २०२१-२२ मध्ये संपली, ओबीसी आरक्षणाच्या खटल्यांत निवडणुका लटकल्या आणि डिसेंबर २०२५ पर्यंत प्रशासक बसले होते. त्या काळात गावात सगळेच 'माजी' होते. माजी माणसाला अपात्र कसं करणार? पण प्रशासकाच्या केबिनमध्ये रोज चहाला कोण असायचं, हे शिपायालाही माहीत आहे.

विश्वस्त कायद्याखाली हिशेब तपासनीस जो अहवाल देतो त्यात प्रश्नांची एक यादी असते. पाच हजारांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या का? कोणी विश्वस्त न्यासाचा ऋणको किंवा धनको आहे का? न्यासाच्या गुंतवणुकीत कोणा विश्वस्ताचा हितसंबंध आहे का? समोर उत्तराचा रकाना. न्यासाचे मागच्या सात वर्षांचे अहवाल मी पाहिले. या शेवटच्या प्रश्नापुढे सातही वर्षं 'नाही' आहे, आणि तो 'नाही' हाताने लिहिलेला नाही, फॉर्मबरोबरच छापून आलेला आहे. फॉर्म एकदा कॉम्प्युटरवर तयार केला आणि दरवर्षी फक्त आकडे बदलले, असा त्याचा अर्थ. खरेदीच्या वर्षीही कोणी तो रकाना थांबून वाचलेला दिसत नाही.

इथे नाती खरोखर मोजणारा कायदा एकच, व्यवहार झाला तेव्हा लागू असलेला १९६१ चा प्राप्तिकर कायदा (१ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली). त्याच्या कलम १३ प्रमाणे न्यासाने विश्वस्ताकडून किंवा त्याच्या नातेवाइकाकडून वाजवीपेक्षा जास्त दराने मालमत्ता घेतली तर न्यासाची करसवलत धोक्यात यायची. नातेवाईक म्हणजे कोण, हेही तिथे सांगितलंय: नवरा-बायको, भाऊ-बहीण, जोडीदाराचे भाऊ-बहीण, दोघांच्या वरच्या आणि खालच्या पिढ्या, आणि या सगळ्यांचे जोडीदार. या जाळ्यात मेहुणा सापडतो. जावई सापडतो. साडूसुद्धा सापडतो, कारण तो बायकोच्या बहिणीचा नवरा. व्याही सुटतो. सुनेचा बाप हा कायद्याच्या दृष्टीने परका माणूस आहे.

हे वाचून खान्देशातला कोणीही हसेल. आपल्याकडे पॅनल बसतं ते सोयरिकीवर. दूध संघ असो, बाजार समिती असो, की शिक्षण संस्था, तिकीट कोणाला द्यायचं हे ठरताना पहिला प्रश्न 'पोरगी कोणाकडे दिली' हाच असतो. दोन भाऊ वेगवेगळ्या पक्षांत असतात आणि एकमेकांचं तोंड बघत नाहीत. दोन व्याह्यांना मात्र पोरीच्या संसारासाठी तरी एकमेकांना धरून राहावं लागतं. भावकीपेक्षा सोयरिकीचं राजकारण जास्त पक्कं असतं. कायद्याने भावकी मोजली, सोयरिकीचं हे टोक मोजायचं राहिलं. सचिव 'काडीचाही नाही' म्हणाले ते कायद्याच्या भाषेत बहुधा खरं आहे, आणि सभागृहातला एकही माणूस त्या भाषेत ऐकत नव्हता.

मराठीतही आपण घोळ घालून ठेवलाय. हितसंबंध असणं हा गुन्हा नाही. छोट्या गावात कोणाचा कशाशी संबंध नसतो? दोन हितं एकमेकांच्या आड येतात तो हितसंघर्ष. तो उघड सांगून ठरावापुरतं बाहेर बसायचं, एवढीच अपेक्षा असते. इतिवृत्त वाचलं. खरेदीच्या ठरावाला सूचक दुसरेच आहेत आणि अनुमोदक सचिव स्वतः. त्या दिवशी ते बाहेर जाऊन बसले असते तर आज माझ्याकडे लिहायला अर्धंच टिपण असतं.

आवाज एवढा का चढला, त्याला जळगावची सावली आहे. तिथे नव्वदच्या दशकात अकरा हजारांवर घरकुलांची योजना निघाली. कंत्राटदाराला दिलेल्या बिनव्याजी आगाऊ रकमांवरून २००६ मध्ये फिर्याद झाली, २०१२ मध्ये अटका झाल्या आणि ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी धरलं. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या निकालापासून जिल्ह्यात 'घरकुल' म्हटलं की ऐकणाऱ्याची भुवई आपोआप वर जाते. आमचं प्रकरण त्या मापाचं नाही. तिथे पैसा पालिकेचा होता, इथे न्यासाचा आहे. विरोधकांनी भाषणात दोन्ही एकाच दावणीला बांधली, ते सोयीचं होतं म्हणून. तक्रार करणाऱ्या मुख्य नगरसेवकांचा स्वतःचा प्लॉटचा ले-आउट वळणरस्त्याच्या अलीकडच्या बाजूला आहे आणि पाण्याची लाइन तिकडून न्यावी अशी त्यांची लेखी मागणी आहे, हेही नोंदवून ठेवतो.

या सगळ्या गोंधळात नवी घरं कोणाला मिळणार ती यादी मागे पडली. माझ्या मते ती जमिनीपेक्षा मोठी गोष्ट आहे. नवी जागा पालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीत. तिथे प्रधानमंत्री आवासचं ग्रामीण अनुदान लागू, सपाट भागात १ लाख २० हजार, आणि त्याला लाभार्थी हवा ग्रामपंचायतीच्या यादीतला. ज्याला जागा नाही त्याला पाचशे चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला १ लाखापर्यंत मदत देणारी राज्याची योजनाही ग्रामीणच. न्यासाने प्लॉट पाडून ते या योजनेतून द्यायचं ठरवल्याचं दिसतं. मग जुन्या दोन रांगांतल्या शहरी कुटुंबांचं काय? त्यांची नावं त्या गावच्या यादीत नाहीत, असणार तरी कशी? न्यास म्हणतो, त्यांना स्वतंत्र 'कोटा' ठेवला आहे. घटनेत तो नाही, ठरावात नाही, तोंडी आहे. दुधाच्या पिशवीतल्या पावत्या कोणी मागितल्याही नाहीत.

जुन्या जागेच्या खरेदीदाराने ताबा मागितलाय. दोन रांगांपैकी पहिली दिवाळीआधी रिकामी करण्याच्या नोटिसा लागल्या आहेत, न्यासाच्याच लेटरहेडवर. धर्मादाय कार्यालयात कलम ४१-ड खाली विश्वस्तांना हटवण्याचा अर्ज पडलाय, तो खोलीवाल्यांनी नव्हे, सभासद असलेल्या एका वकिलांनी केलाय. आणि लाइनीचा विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर पुन्हा आला आहे. या वेळी त्यात न्यासाचं नाव नाही. लिहिलंय 'हद्दीलगतच्या वस्तीस पाणीपुरवठा करणेबाबत'.