ऑइल कूलरची लाइन गळतेय? बोल्ट लावून बंद करू नका

पल्सर २२० असो की हिमालयन ४११, ऑइल कूलरची (इंजिन ऑइल थंड करणाऱ्या जाळीची) लाइन, म्हणजे तेलाची नळी, गळायला लागली की सल्ला ठरलेला: "दोन्ही तोंडं बोल्टने बंद कर, कूलर काय, शोभेलाच असतो."

हा समज इंजिनाच्या जिवावर बेतू शकतो. कित्येक इंजिनांत पंपाने ढकललेलं तेल कूलरमधूनच पुढे जातं. ती वाट बुजवली की क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) कोरडे पडतात, मग बेअरिंग जायला वेळ लागत नाही. काही गाड्यांत कूलर बाजूच्या फाट्यावर असतो. तिथे बंद करून भागतं, म्हणून तर हा सल्ला टिकून आहे. आपल्या गाडीत तेल कसं फिरतं, ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आधी बघाच.

घरी पोचण्यापुरतं करायचं, तर इंजिनावरचं तेल जाणारं आणि येणारं तोंड एकमेकांना जोडा. त्यासाठी पेट्रोलचा पाइप आणि क्लिप अजिबात नको. तेल १०० अंशांच्या वर तापतं, पाइप मऊ होऊन दाबाने निसटतो. इंजिन ऑइलसाठीचाच होज घ्या. बँजो बोल्टपाशी (लाइन इंजिनाला जोडणाऱ्या पोकळ बोल्टपाशी) ओल असेल तर नुसते वॉशर बदलूनही काम होतं. पण रबर आणि धातूच्या नळीच्या दाबून बसवलेल्या जोडातून तेल झिरपत असेल, तर एम-सील थापू नका, लाइनच बदला. तोवर भर उन्हात घाट चढणं टाळा.