टॉर्चच्या सेलने मुलांना शॉक बसतो का?

'पोरांना टॉर्च उघडू देऊ नका, सेलला हात लागला की शॉक बसतो,' असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. ही भीती मुळात भिंतीतल्या प्लगची. तिथं 230 व्होल्ट असतात, म्हणून ती रास्तच. पेन्सिल सेलवर छापलेला आकडा वाचा: 1.5 व्होल्ट. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो, त्यामुळे बोटांतून जाणारा प्रवाह जाणवतही नाही. दोन्ही टोकं कोरड्या चिमटीत धरून बघा. मग पोराला सेल उलटा घालू द्या. दिवा लागत नाही. सुलटा केला की लागतो. सपाट बाजू स्प्रिंगकडे, हे मग सांगावं लागत नाही.

जपायचं ते बटण सेलला, म्हणजे नाण्यासारख्या चपट्या, गोल छोट्या सेलला. गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा थेट हॉस्पिटल गाठायचं.