स्विचवर लिहिलेला ‘ऱ्हिदम’

गिब्सन कंपनीच्या लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारवर स्विचभोवती एक गोल चकती असते. तिच्यावर एकीकडे ‘ऱ्हिदम’ (कॉर्डची लयबद्ध साथ), दुसरीकडे ‘ट्रेबल’ असं लिहिलेलं असतं. ऱ्हिदमकडे स्विच वळवला की नेक पिकअप, म्हणजे तारांची कंपनं टिपणारा, गिटारच्या मानेजवळचा चुंबकीय भाग, चालू होतो. नवखे वादक त्या शब्दावर विसंबतात आणि बँडबरोबर वाजवताना आपली कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) गेली कुठे, हे त्यांना कळत नाही. कारण तो शब्द वेगळ्याच काळातला आहे.

काउंट बेसीच्या जॅझ वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन १९३७ पासून ऱ्हिदम वाजवत असत. अ‍ॅम्प (आवाज वाढवणारं यंत्र) नाही, फुगीर पाठीपोटाची पोकळ आर्चटॉप गिटार, जाड तारा, फ्रेटबोर्डपासून बऱ्याच उंच. मात्रेला एक असे चार ठोके, तेही बहुधा दोन-तीन स्वरांचेच. डबल बास आणि ड्रममध्ये मिसळून जाणारा तो उबदार आवाज म्हणजे तेव्हाची ऱ्हिदम. १९५२ची लेस पॉल ही समजूत घेऊनच आली. फेंडर कंपनीने तर १९५८च्या जॅझमास्टर गिटारमध्ये ऱ्हिदमसाठी स्वतंत्र सर्किट दिलं, आणि त्यातही चालतो तो फक्त नेक पिकअप.

पण १९५१ सालीच फेंडरचा प्रिसिजन बास हा इलेक्ट्रिक बास गिटार आला होता. पुढे सगळीकडेच बास इलेक्ट्रिक झाला, खालच्या स्वरांची जागा त्याने भरून टाकली आणि ऱ्हिदम गिटारला वर सरकावं लागलं. सोल संगीतातल्या स्टीव्ह क्रॉपर यांच्या फेंडर टेलिकास्टर गिटारचे तुटक, लखलखीत ठोके याच गरजेतून आलेले. जेम्स ब्राउन यांच्या बँडमधल्या जिमी नोलन यांनी कॉर्डवरचा डावा हात सैल सोडून तारा दाबत-उचलत वाजवण्याची रीत रुळवली. फंक गिटार तिथून सुरू होते. फेंडरच्याच तीन पिकअपच्या स्ट्रॅटोकास्टरचा स्विच मूळचा तीन जागांचा. वादक तो मध्येच अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवत. १९७७ मध्ये फेंडरने पाच जागांचा स्विच बसवून ती युक्ती अधिकृत केली. स्वच्छ ऱ्हिदमसाठी माझी पहिली पसंती आजही त्याच मधल्या जागांना आहे.

डिस्टॉर्शनचं, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजाचं, गणित निराळं. कॉर्डमधले स्वर विकृत झाले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे स्वर उमटतात. शुद्ध किंवा कोमल गंधार असलेली कॉर्ड त्यामुळे गिचमिड होते, षड्ज-पंचमाची पॉवर कॉर्ड टिकते. १९५७ पासून गिब्सनवर आलेला हमबकर हा दोन वेटोळ्यांचा पिकअप विजेची गुणगुण मारतो, आवाज भरदार करतो, पण नेककडचा असेल तर ही गिचमिड वाढवतो. एसी/डीसी बँडच्या माल्कम यंग यांनी आपल्या ग्रेच गिटारवर फक्त ब्रिज पिकअप (तारांच्या खालच्या टोकाजवळचा) ठेवला, तारा जाड लावल्या आणि गेन, म्हणजे अ‍ॅम्पमधलं डिस्टॉर्शन, कमी राखला.

म्हणून गिटार निवडताना आधी ब्रिज आणि मधल्या जागा ऐका. मोकळी ई कॉर्ड वाजवा, मग पाचव्या आणि सातव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) बॅरे धरा, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबून कॉर्ड वाजवा. मोकळी कॉर्ड सुरात आणि बॅरे बेसूर असेल, तर इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागणं) किंवा फ्रेट तपासायला हवेत. जोरदार स्ट्रमिंगमध्ये बारीक तार ताणली जाऊन क्षणभर चढी वाजते. हात जड असेल तर सर्वांत बारीक तार ०.०१० इंचाऐवजी ०.०११ इंचाची असलेला संच लावा, मात्र नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचाही तेवढ्या रुंद करून घ्या. नाहीतर ‘जी’ (G) स्वराची तार खाचेत अडकते आणि प्रत्येक बेंडनंतर सूर सोडते. शेवटी व्हॉल्यूम ७वर आणा. धार गेली तर व्हॉल्यूम पॉटवर (आवाजाच्या बटणामागच्या भागावर) ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओहमचा रेझिस्टर जोडता येतो.