शेअर्ड एडिट स्टोरेज

शेअर्ड एडिट स्टोरेज म्हणजे एका शूटचं सगळं फुटेज एकाच ठिकाणी ठेवून दोन, चार किंवा चाळीस एडिटरांनी आपापल्या मशीनवरून एकाच वेळी थेट त्याच्यावर काम करायची सोय. यातला थेट हा शब्द महत्त्वाचा, कारण फायली कॉपी करून घ्यायचा सर्व्हर बऱ्याच ऑफिसात असतो, इथे मात्र कॉपी करायचीच नसते, टाइमलाइन प्ले केली की प्रत्येक फ्रेम नेटवर्कवरून येते आणि २५ फ्रेमच्या व्हिडिओत ती दर ४० मिलिसेकंदांनी यावीच लागते, नाहीतर प्लेबॅक अडकतो.

ही सोय नसली की हार्ड डिस्क हातोहात फिरतात. रोजच्या मालिकेचं उदाहरण घ्या, एकजण आजचा एपिसोड कापतोय, असिस्टंट उद्याचे रशेस, म्हणजे कच्चं फुटेज, आवाजाशी सिंक करतोय, तिसरा प्रोमो काढतोय आणि साउंडवाला लॉक झालेल्या कटची वाट बघतोय, अशात प्रत्येकाकडे वेगळी डिस्क असली की एकाच फुटेजच्या चार कॉप्या होतात आणि लेटेस्ट कट कुणाकडे आहे हे विचारण्यातच अर्धी रात्र जाते.

या स्टोरेजची दोन घराणी आहेत, सॅन (स्टोरेज एरिया नेटवर्क) आणि नॅस (नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज, म्हणजे नेटवर्कला जोडलेलं डिस्कचं खोकं). सॅनमधे दूरची डिस्क मशीनला स्वतःच्या पोटातल्या डिस्कसारखी दिसते, मशीन थेट ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, वाचतं आणि लिहितं. मोठ्या पोस्ट स्टुडिओत फायबर चॅनलच्या केबली टाकून वर्षानुवर्षं हेच चाललं, अ‍ॅव्हिडची युनिटी आणि अ‍ॅपलचं २००५ मधे आलेलं एक्ससॅन ही त्यातली गाजलेली नावं. पण डिस्क प्रत्येकालाच आपली वाटत असल्यामुळे कुणी कुठे लिहायचं हे ठरवणारा मधला पंच लागतो, त्याला मेटाडेटा कंट्रोलर म्हणतात. तो नसताना साध्या नॅसवर आयस्कझी व्हॉल्यूम (नेटवर्कवरून आपल्याच डिस्कसारखा दिसणारा भाग) बनवून दोन मशीनना एकदम जोडला तर सुरुवातीला सगळं छान चालतं, मग दोन्ही मशीन एकमेकांना न विचारता त्याच जागेवर लिहितात आणि अख्खा व्हॉल्यूम करप्ट होतो. हे कृपा करून कुणी करू नका, यात गेलेलं फुटेज बहुतेक वेळा परत येत नाही.

नॅसमधे मशीन फक्त 'ही फाइल दे' म्हणतं आणि फाइल डिस्कवर कुठे आहे ते नॅस स्वतः बघतो, त्यामुळे ही पंचगिरी आपोआप होते. मागायची भाषा म्हणजे एसएमबी किंवा एनएफएस. एसएमबी १९८३ च्या सुमारास आयबीएममधे जन्मलं, एनएफएस १९८४ मधे सन मायक्रोसिस्टिम्समधे, आणि २०१३ च्या मॅव्हरिक्स या मॅकच्या सिस्टीमपासून अ‍ॅपलनेही आपली एएफपी ही तशीच जुनी भाषा बाजूला ठेवून एसएमबीला पहिलं स्थान दिलं, त्यामुळे मॅक आणि विंडोज एकाच खोलीत असले तरी आता एसएमबीवर भागतं. लहान एडिट रूमसाठी नॅसच बरा.

आता खरा हिशोब, जो खोकं विकत घ्यायच्या आधी करायचा असतो आणि बहुतेक लोक नंतर करतात. आधी कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, बघायचा. प्रोरेझ ४२२ एचक्यू, यूएचडी (४के), २५ फ्रेम, याचा डेटा रेट अ‍ॅपलच्या तक्त्यानुसार ७३७ मेगाबिट प्रति सेकंद, म्हणजे साधारण ९२ मेगाबाइट, आणि तासाला जवळपास ३३२ गिगाबाइट. साध्या एक गिगाबिट नेटवर्कमधून प्रत्यक्षात ११० मेगाबाइटच्या आसपास मिळतात, म्हणजे अशा एकाच लेयरमधे एकच एडिटर अख्खी लाइन खाऊन बसतो. चार एडिटर दोन-दोन लेयर चालवणार असतील तर ७३७ मेगाबाइट लागतील, म्हणजे १० गिगाबिट स्विच आलाच. उलट लग्नाचं शूट १०० मेगाबिटच्या ४के फायलींवर असेल तर चार कॅमेऱ्यांच्या मल्टिकॅमला ५० मेगाबाइट पुरतात, तिथे नेटवर्कआधी मशीनच दमतं कारण ती फाइल उलगडायला प्रोसेसर लागतो. अशांनी १० गिगाबिटवर पैसे घालण्याआधी प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरती हलकी कॉपी, बनवायची सवय लावलेली बरी, २५ फ्रेमचं फुल एचडी प्रोरेझ प्रॉक्सी फक्त ३८ मेगाबिट घेतं.

केबलचं म्हणाल तर कॅट ६ वर १० गिगाबिट ५५ मीटरपर्यंत चालतं आणि कॅट ६ए वर १०० मीटरपर्यंत. जंबो फ्रेम, म्हणजे नेटवर्कवरून जाणारी डेटाची मोठी पाकिटं, चालू करायच्या असतील तर नॅस, स्विच आणि प्रत्येक मशीन, सगळीकडे तोच आकडा टाकायचा, एक जरी १५०० वर राहिलं आणि बाकी ९००० वर असले तर फोल्डर उघडतात पण मोठी फाइल मधेच लटकते आणि कारण शोधता शोधता दिवस जातो. त्याहून साधी आणि त्याहून जास्त वेळा होणारी चूक म्हणजे मॅकला १० गिगाबिट केबल जोडलेली असते पण शेअर (नॅसवरचा सामायिक फोल्डर) माउंट झालेला, म्हणजे जोडलेला, असतो वायफायवरून! म्हणून एडिटचं नेटवर्क इंटरनेटपासून वेगळ्या सबनेटवर (आयपी पत्त्यांच्या वेगळ्या गटात) ठेवायचं, फिक्स आयपी द्यायचा आणि त्या आयपीनेच शेअर जोडायचा. तपासताना आधी आयपर्फ या नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने नुसती लाइन मोजायची, मग डिस्क स्पीड टेस्ट लावायची, म्हणजे दोष केबलचा का डिस्कचा ते लगेच कळतं.

डिस्क रेडमधे, म्हणजे अनेक डिस्क मिळून एक अशा गटात, बांधतात, ही कल्पना १९८८ मधे बर्कलीच्या पॅटर्सन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली. रेड ५ मधे एक डिस्क गेली तरी डेटा राहतो, रेड ६ मधे दोन, म्हणजे ८ टेराबाइटच्या ८ डिस्क लावल्या तर रेड ६ मधे ४८ टेराबाइट हाताशी येतात. मोठ्या डिस्कचं रिबिल्ड, म्हणजे गेलेली डिस्क बदलून तिच्यावरचा डेटा परत उभारणं, अख्खा दिवस, कधी त्याहूनही जास्त चालतं आणि त्या वेळी उरलेल्या डिस्कवर ताण असतो, म्हणून एडिटला रेड ६ किंवा झेडएफएस या फाइल सिस्टीमचं त्याच धर्तीचं रेड-झेड २ च घ्यावं असं माझं ठाम मत आहे. एसएमआर प्रकारच्या (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्क स्वस्त मिळतात पण रेडमधे नकोत, रिबिल्डच्या वेळी त्या फार मंदावतात. आणि एकट्याने मोजलेला स्पीड चारजण बसल्यावर मिळत नाही, कारण प्रत्येकजण वेगळी फाइल मागतो आणि डिस्कचं हेड सतत इकडून तिकडे पळत राहतं. व्हॉल्यूम ८० टक्क्यांच्या वर भरू देऊ नये.

सेटअप झाल्यावर रोज छळतात ते पाथ, म्हणजे फायलींचे पत्ते. एडिटिंग सॉफ्टवेअर फाइल शोधतं ती पाथवरून, म्हणून विंडोजच्या सगळ्या मशीनवर शेअरला तेच ड्राइव्ह लेटर हवं आणि मॅकवर तेच नाव. मॅकवर कधी कधी जुना माउंट नीट सुटत नाही आणि तोच शेअर शेवटी '-१' लागून परत जोडला जातो, मग सगळी टाइमलाइन लाल, मीडिया ऑफलाइन. घाईघाईने रीलिंक करत बसू नका, शेअर काढून नीट परत जोडा. आपल्यासाठी खास गोष्ट म्हणजे फोल्डरची नावं. मराठीतला 'ऱ' यूनिकोडमधे दोन प्रकारे लिहिता येतो, एक सलग अक्षर म्हणून आणि एक र अधिक नुक्ता असा, मॅकची जुनी एचएफएस प्लस सिस्टीम नाव साठवतानाच ते तोडून ठेवते, आणि लिनक्सवरच्या नॅसला ही दोन वेगळी नावं वाटू शकतात. म्हणजे 'दुसऱ्या दिवसाचं शूट' नावाचे दोन फोल्डर डोळ्यांना अगदी सारखे दिसूनही एकात फुटेज आणि दुसरा रिकामा! मराठीवर प्रेम टायटलमधे दाखवू, फोल्डरला तारीख आणि साधी रोमन अक्षरं द्यावीत.

मीडिया शेअर झाला म्हणजे प्रोजेक्ट शेअर झाला असं नाही. एकच प्रोजेक्ट फाइल दोघांनी उघडून सेव्ह केली तर शेवटी सेव्ह करणाऱ्याचंच काम उरतं. अ‍ॅव्हिडमधे यासाठी फार आधीपासून बिन (क्लिप ठेवायचा फोल्डर) लॉक करायची सोय आहे, एकाकडे बिन उघडा असला की दुसऱ्याला तो फक्त वाचता येतो, प्रीमियरमधे २०२० मधे याचसाठी प्रॉडक्शन्स आलं, आणि रिझॉल्व्हमधे प्रोजेक्ट पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसमधे ठेवता येतो जो नेटवर्कवरून सगळ्यांना दिसतो. कॅश आणि प्रिव्ह्यू फायली मात्र प्रत्येकाच्या मशीनमधल्या एसएसडीवरच हव्यात. रशेसच्या फोल्डरवर लिहायची परवानगी फक्त डेटा उतरवणाऱ्याला, बाकी सगळ्यांना नुसतं वाचता यावं, यावर भांडण झालं तरी हटू नये.

आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून नॅस आणि स्विच दोन्ही यूपीएसवर हवेत आणि यूपीएसची यूएसबी केबल नॅसला जोडलेली हवी, म्हणजे बॅटरी संपत आली की तो स्वतः नीट बंद होतो. नॅस थेट इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही, जानेवारी २०२२ मधे डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने असेच उघडे राहिलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस गाठून फायली लॉक केल्या होत्या. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून डिलीट केलेलं रेडमधूनही जातंच, म्हणून तीन कॉप्या, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, हा पीटर क्रोग या फोटोग्राफरने रूढ केलेला नियम एडिटवालेही पाळतात. काम डिलिव्हर झालं की रशेस एलटीओ टेपवर जातात, एलटीओ ८ ची टेप १२ टेराबाइटची आणि एलटीओ ९ ची १८ ची, आणि टेपवरून परत वाचून चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळल्यावरच नॅसवरची जागा मोकळी करतात.