पार्श्वभूमी : जुना अ‍ॅनालॉग सिंथ शिकणं आणि ‘पॅच’ या शब्दाचा गुंता

जपानमधून मागवलेला चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा सिंथ (सिंथेसायझर, विजेवर आवाज घडवणारं वाद्य) घरी येतो. तिथली वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची, म्हणून आधी ट्रान्सफॉर्मर जोडावा लागतो. दिवे लागतात, सगळे जमतात आणि बघायला आलेला पहिला वादक मित्र विचारतो, ‘यात पॅच किती आहेत?’ प्रश्न साधा वाटतो. पण वाद्य १९७१ चं असेल तर त्याच्या माहितीपुस्तकात पॅच म्हणजे तार, १९७८ चं असेल तर पॅच म्हणजे नॉबची मांडणी आणि १९८२ चं असेल तर पॅच म्हणजे बटणावरचा नंबर. नवशिक्याची पहिली अडचण इथेच सुरू होते. ऑसिलेटर (आवाज निर्माण करणारा), फिल्टर (तो गाळणारा), एनव्हलप (तो कसा उठतो-विरतो ते ठरवणारा) हे शब्द चार दिवसांत अंगवळणी पडतात, कारण त्यांचे अर्थ गेल्या साठ वर्षांत फारसे हललेले नाहीत. पॅचचा अर्थ हलला आणि त्याच्याबरोबर शिकण्याची रीतही हलली.

१९६४ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग या छोट्या गावात आणि पाठोपाठ सॅन फ्रान्सिस्कोत अशी सुटी सुटी खोकी तयार झाली, जी व्होल्टेजने एकमेकांना ताब्यात ठेवू शकत होती. एका बनवणाऱ्याने त्यांना पियानोसारखी पट्टी जोडली, दुसऱ्याने मुद्दाम जोडली नाही. तो वाद मोठा आहे. इथे त्यात शिरायला नको. आपल्या विषयापुरतं महत्त्वाचं एवढंच की खोकी जोडायला लागणाऱ्या तारांना नाव आधीच मिळालेलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आणि रेडिओ केंद्रात एक ओळ दुसऱ्या ओळीला तात्पुरती जोडणारी तार म्हणजे पॅच कॉर्ड. आपल्याकडे ठिगळ म्हटलं की फाटलेलं झाकणं डोळ्यांपुढे येतं. इथे झाकण्याचा संबंध नाही. तात्पुरतं जोडणं हा त्यातला जीव आहे. काम झालं की तार काढायची, आवाज संपला.

त्या काळी शिकणं म्हणजे तारेमागे जाणं होतं. आवाज येत नाही? मग तो कुठपर्यंत आला ते बघायचं. ऑसिलेटरमधून निघाला का, फिल्टरमध्ये शिरला का, शेवटच्या व्हीसीएला (आवाजाची पातळी सांभाळणाऱ्या खोक्याला) उघडण्याचा हुकूम मिळाला का. शिकणाऱ्याला वाद्याचं पोट दिसत होतं. १९६९ मध्ये यातलीच एक मोठी मॉड्युलर (सुट्या खोक्यांची) यंत्रणा अहमदाबादच्या एका डिझाइन संस्थेत आली, एका अमेरिकन संगीतकाराने ती बसवून दिली आणि पुढची दोन-तीन वर्षं काही भारतीय मंडळींनी तिच्यावर टेप ध्वनिमुद्रित केल्या. त्या टेप अनेक दशकं कपाटात होत्या आणि अलीकडेच पुन्हा ऐकायला मिळाल्या. ज्यांना पुढे कुणी शिकवायला नव्हतं अशा माणसांनी तारा जोडत, काढत, कानाने केलेलं ते काम आहे. ते ऐकताना शोधण्याचा आनंद थेट जाणवतो.

तारांचा पसारा आवरायचे प्रयत्न लगेच सुरू झाले. लंडनमध्ये १९६९ साली निघालेल्या व्हीसीएस ३ मध्ये तारांऐवजी १६ बाय १६ छिद्रांची पाटी आली. आडवी ओळ कुठून निघायचं ते सांगते, उभी ओळ कुठे पोचायचं ते, आणि दोन्ही मिळतात तिथे छोटी पिन खोचायची. १९७१ च्या एआरपी २६०० मध्ये नेहमीच्या जोडण्या आतूनच केलेल्या होत्या; तार खोचली तरच ती आतली जोडणी तुटायची. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली रचना मला माहीत नाही. वाद्य उघडल्या उघडल्या वाजतं, आणि ज्या दिवशी ‘हे असंच का?’ असा प्रश्न पडेल त्या दिवशी तार हातात घेता येते.

या दोघांच्या मधोमध, १९७० साली, मिनीमूग मॉडेल डी आला. तीन ऑसिलेटर, एक फिल्टर, ४४ पट्ट्या आणि एकही तार नाही. आवाजाचा मार्ग पॅनेलवर डावीकडून उजवीकडे जातो. ऑसिलेटर कुठे जाईल हे कारखान्यातच ठरलेलं. म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाने या वाद्यात पॅच नाहीच. तरीही लोक म्हणत राहिले, ‘बासरीचा पॅच लाव’. अर्थाचं पहिलं वळण हे. तार गेली, पण नॉबची मांडणी म्हणजे पॅच हा अर्थ टिकला.

ही मांडणी लक्षात ठेवायची कशी? कागदावर. माहितीपुस्तकाबरोबर पॅनेलची कोरी चित्रं असत. प्रत्येक नॉबच्या वर्तुळात पेन्सिलने काटा काढायचा, स्विच वर की खाली ते ठिपक्याने दाखवायचं आणि वर नाव लिहायचं. व्हीसीएस ३ वाल्यांकडेही पिनांसाठी असेच तक्ते होते. मी हे तक्ते सविस्तर सांगतोय कारण माझ्या मते अ‍ॅनालॉग सिंथ शिकण्याची सगळ्यात चांगली शाळा हीच होती आणि आजच्या शिकवण्यांत तिचा उल्लेखही होत नाही.

का ते सांगतो. तक्ता कधीच पुरता खरा नसतो. फिल्टरचा नॉब केसभर सरकला तर आवाज बदलतो, आणि पेन्सिलीची रेघ केसापेक्षा जाड असते. शिवाय दोन मिनीमूगही एकसारखे नसतात. आतले सुटे भाग थोडे इकडेतिकडे असतात, जुने ऑसिलेटर तापेपर्यंत सूर सोडतात. या यंत्रांत एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक. त्या हिशेबाने एक मिलिव्होल्ट हलला की सूर १.२ सेंटने (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) हलतो आणि साधारण १८ मिलिव्होल्टमध्ये एक प्रमाणश्रुती (सुमारे २१.५ सेंट) सरकते. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला हे ताबडतोब कळतं. म्हणून वाद्य सुरू करून वीस-तीस मिनिटं थांबायचं, मग सूर लावायचा, मग तक्त्याप्रमाणे नॉब लावायचे आणि शेवटचा टप्पा कानाने पार करायचा. तक्ता दारापर्यंत सोडतो. आत जायचं काम ऐकणाऱ्याचं. असे वीस आवाज वीसदा लावले की कुठला नॉब कशाचा धनी आहे हे बोटांना ठाऊक होतं. गुरूसमोर पलटे घोटण्यासारखंच आहे हे, आणि घोटल्याशिवाय येत नाही.

मग स्मृती आली, म्हणजे आवाज वाद्यातच साठवायची सोय. तिचं कारण आळस नव्हतं, बहुस्वर होतं. एका वेळी एकच स्वर वाजवणाऱ्या वाद्यात एक संच नॉब पुरतात. चार स्वर एकत्र हवे असतील तर चार आवाजमार्ग लागतात. १९७५ च्या सुमारास निघालेल्या एका चार-स्वरी वाद्यात खरोखरच चार छोटे सिंथ शेजारी शेजारी बसवले होते, आणि एक आवाज बदलायचा तर तेच नॉब चार ठिकाणी सारखे फिरवायला लागत. सीएस-८० या बहुस्वरी वाद्यात एका झाकणाखाली चिमुकल्या स्लायडरचे चार संच ठेवले होते. म्हणजे कागदी तक्ता वाद्यातच बसवला, फक्त बारीक करून. १९७८ मध्ये प्रॉफेट-५ या पाच-स्वरी वाद्याने प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. पाचही आवाजमार्गांना हुकूम द्यायला मायक्रोप्रोसेसर, आणि नॉब कुठे आहेत ते वाचायलाही तोच. नॉबची जागा एकदा आकड्यात आली की ते आकडे साठवणं फार अवघड नव्हतं. ४० आवाज साठवता येऊ लागले.

आता या साठवलेल्या गोष्टीला काय म्हणायचं? एका घराण्याने (म्हणजे वाद्य बनवणाऱ्या कंपनीने) ‘प्रोग्रॅम’ म्हटलं, दुसऱ्याने ‘पॅच’, तिसऱ्याने ‘व्हॉइस’. पुढे ‘टोन’ही आला, आणि काही वाद्यांत तर अनेक टोन मिळून एक पॅच अशी उतरंड झाली. भारतातल्या कीबोर्डवादकांच्या बोलण्यात ‘टोन’ रुळला, ऑक्टोपॅडवाल्यांच्या बोलण्यात ‘पॅच’. आजही बेंजो पार्टीतला पोरगा हलगीचा पॅच मागतो तेव्हा त्याला नंबर हवा असतो, आणि त्याच्या दृष्टीने तो बरोबरच आहे. चूक शब्दाची नाही. पण तोच पोरगा एआरपी २६०० समोर बसला तर शब्दच त्याला चुकीच्या दाराशी नेईल.

स्मृती द्यायची की नाही या निर्णयाचा लख्ख नमुना म्हणजे १९८२ मधली दोन जुळी भावंडं. जुनो-६ आधी आला : सहा स्वर, फिल्टर, कोरस (आवाज भरदार करणारी सोय); स्मृती मात्र नाही. त्याच वर्षी जुनो-६० आला. वाद्य जवळजवळ तेच, वर ५६ आवाजांची जागा. लोकांनी जुनो-६० उचलला, जुनो-६ मागे पडला. बाजाराने कौल दिला असं म्हणतात आणि ते खरं आहे. रंगमंचावर दोन गाण्यांमध्ये दहा सेकंद असतात. तेवढ्यात पेन्सिलीचा तक्ता कोण बघणार? वाजवणाऱ्याची गरज खरी होती. पण शिकणाऱ्याच्या बाजूने कुणी बोललं नाही, आणि ते नुकसान आजवर मोजलं गेलेलं नाही.

नुकसान असं : नंबर दाबला की आवाज बदलतो, स्लायडर मात्र होते तिथेच राहतात. फिल्टरचा स्लायडर पार खाली आणि आवाज मात्र उघडा, झगझगीत. पॅनेल आता आवाजाबद्दल खरं सांगत नाही. मिनीमूगवर डोळ्यांनी पॅनेल वाचून आवाजाचा अंदाज बांधता येतो; इथे पॅनेल मागच्या आवाजाची जुनी बातमी सांगतं. नवशिक्या स्लायडर हलवतो, आवाज एकदम उडी मारतो, तो घाबरतो आणि पुन्हा नंबरावर जातो. बहुतेकांचं शिकणं इथेच थांबतं. बनवणाऱ्यांना हे कळत होतं, म्हणून जुनो-६० वर ‘मॅन्युअल’ नावाचं बटण आहे. ते दाबलं की स्मृती बाजूला होते आणि पॅनेलवर दिसतं तेच वाजतं. माझं ठाम मत आहे की असं वाद्य घेणाऱ्याने पहिले तीन महिने हे बटण सोडून दुसऱ्या कुठल्या नंबराला हात लावू नये.

स्मृतीला वीज लागते, वाद्य बंद असतानाही. म्हणून आत बॅटरी आली. चाळीस वर्षांत बॅटरी मरते आणि साठवलेले आवाज जातात. ज्यांनी ते कॅसेटवर उतरवून ठेवले होते तेच वाचतात. (हो, कॅसेटवरच, आकडे किंचाळल्यासारख्या आवाजात टेपवर भरले जात.) १९८१ च्या पॉलिसिक्स या सिंथमध्ये प्रकरण याहून वाईट आहे. त्यातली निकेल-कॅडमियम बॅटरी पाझरते आणि खालचा बोर्डच खाते. बत्तीस आवाज लक्षात ठेवायला बसवलेली वस्तू अख्खं वाद्य मुकं करते. जुनं वाद्य विकत घेताना झाकण उघडून आधी बॅटरी बघा, हा सल्ला आज कुठलाही जाणता माणूस देईल.

१९८२ सालीच मुंबईतल्या चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या एका वादकाने ज्युपिटर-८ हा सिंथ, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ हे तालयंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. टीबी-३०३ मुळात बास गिटारवाल्याची जागा भरायला काढलेलं होतं. या वादकाने त्यावर रागाचे स्वर चढवले आणि फिल्टर हाताने फिरवत ठेवला. तेव्हा तबकडी फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर गाजली. नंबरांच्या काळातही नॉबवर हात असलेला माणूस काय करतो याचा हा आपल्या शहरातला दाखला आहे.

पुढच्या वर्षी, १९८३ मध्ये, मिडी (विजेच्या वाद्यांची एकमेकांशी बोलायची सामाईक भाषा) आलं आणि नंबराला जागतिक मान्यता मिळाली : एका संदेशात १२८ प्रोग्रॅम, कुठल्याही घराण्याचं वाद्य असो. त्याच वर्षीच्या डीएक्स७ या सिंथवर नॉबच उरले नाहीत; सपाट बटणं, दोन स्लायडर, एक छोटा पडदा. तो डिजिटल, म्हणून या टिपणाच्या बाहेरचा. पण त्याच्यामुळे अ‍ॅनालॉग वाद्यं अडगळीत गेली आणि स्वस्त झाली. ती अडगळीतून उचलणाऱ्यांनीच पुढच्या दोन दशकांत त्यांना पुन्हा मोल आणलं.

आजची स्थिती त्यामुळे विचित्र आहे. १९९० च्या दशकाच्या मध्याला जर्मनीतून छोट्या आकाराची मॉड्युलर खोकी आली, तारा परत आल्या आणि त्या पिढीसाठी पॅच पुन्हा तार झाला. त्याच वेळी संगणकावर जुन्या वाद्यांची हुबेहूब सॉफ्टवेअर रूपं आली. त्यांच्यासोबत शेकडो तयार आवाज येतात आणि तेही पॅचच. २०१३ मध्ये एमएस-२० हा जुना, तारांनी जोडायचा सिंथ मूळच्या ८६ टक्के आकारात परत निघाला. तारा आणि खाचा शाबूत, स्मृती नाही. त्याचा हिशेब एक व्होल्ट-एक सप्तक असा नाही, हर्ट्‌झ-प्रति-व्होल्ट आहे, म्हणजे व्होल्ट दुप्पट झाला की एक सप्तक. मूळ वाद्याचाही तसाच होता. त्यामुळे शेजारच्या मॉड्युलरला तो थेट जोडला की सूर जुळत नाहीत आणि नवशिक्या वाद्य बिघडलं समजून परत पाठवायला निघतो.

मिनीमूग २०१६ मध्ये पुन्हा निघाला आणि २०२२ मध्ये आणखी एकदा. त्याला मिडी दिलं, बोटांचा दाब ओळखणारी पट्टी दिली, वेगळा एलएफओ (आवाज संथपणे डोलवणारा ऑसिलेटर) दिला. पन्नास वर्षांत जे जे मागितलं गेलं त्यातलं बरंच दिलं. आवाज साठवायची सोय दिली नाही. आजही तो घेणाऱ्याला पॅनेलचं कोरं चित्र आणि पेन्सिल लागते.