भिंतींचे किती, पत्त्याचे किती

ॲमस्टरडॅममधल्या हेरेनग्राख्त या कालव्याच्या दोन्ही काठांवर सतराव्या शतकात सधन व्यापाऱ्यांनी घरं बांधली. त्यातली बरीचशी अजून उभी आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती केव्हा, कितीला विकली गेली याच्या नोंदीही शिल्लक राहिल्या. पीट आइखहोल्ट्स या डच अर्थतज्ज्ञाने १६२८ ते १९७३ या काळातले ते व्यवहार एकत्र करून एक निर्देशांक तयार केला. महागाई वजा केल्यावर दिसलं ते असं, की साडेतीनशे वर्षांत या घरांची खरी किंमत जेमतेम दुप्पट झाली होती. मधे तेजी आली, मंदी आली, युद्धं झाली. पिढ्याच्या पिढ्या 'आता भाव वाढणार' म्हणत आल्या आणि गेल्या.

मग घर म्हणजे हमखास वर जाणारी वस्तू, ही समजूत आली कुठून? २०१७ साली कतारिना क्नोल, मोरिट्झ शुलारिक आणि थॉमस स्टेगर या तिघांनी १४ प्रगत देशांच्या १८७० पासूनच्या घरांच्या किमती जुळवल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रेषा जवळपास सपाट आहे, आणि नंतर ती चढायला लागते. त्या चढाचा सुमारे ८० टक्के भाग जमिनीच्या भावाचा आहे. विटा, लाकूड, मजुरी यांचा वाटा उरलेला. घर बघायला गेल्यावर आपण भिंतीवर टकटक करतो, नळ सोडून पाण्याचा जोर बघतो, आणि पैशांचा मोठा भाग मोजतो तो खालच्या मातीसाठी, म्हणजेच पत्त्यासाठी.

या पत्त्याला एवढी किंमत कशी आली, याची हकीकत दोन धाग्यांची आहे. एक धागा नकाशाचा, दुसरा हप्त्याचा. घर घेणाऱ्याला दोन्ही एकदमच भेटतात, त्यामुळे ते वेगळे आहेत हे सहसा लक्षात येत नाही.

जागेचा भाव अंतरावर ठरतो हे पहिल्यांदा नीट मांडलं ते एका शेतकऱ्याने. योहान हाइनरिख फॉन थ्यूनेन हा जर्मन जमीनदार मेक्लेनबुर्गमधल्या आपल्या शेतीचे हिशेब बारकाईने लिहून ठेवायचा. बाजारापासून शेत जितकं लांब तितका मालवाहतुकीचा खर्च जास्त, म्हणून त्या जमिनीचा खंड कमी, असं त्याने १८२६ मध्ये दाखवून दिलं. शहराभोवती पिकांची वर्तुळं पडतात ती याच हिशेबाने. विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये तोच हिशेब शहरातल्या घरांना लावला. धान्याच्या गाडीऐवजी रोज कामावर जाणारा माणूस आला, एवढाच फरक. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि ट्रामने लांबची जमीन जवळ आणली. सपाट रेषेचं मोठं कारण तेच: घरं वाढत होती, पण पोचता येईल अशी जमीनही वाढत होती. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हा पुरवठा आटला, आणि कुठे काय बांधायचं यावरचे नियम तर वाढतच गेले.

अंतर मोजता येतं. शेजाराचं मोजमाप कसं करणार? चार्ल्स बूथ यांनी १८८९ मध्ये लंडनचा नकाशा प्रसिद्ध केला, त्यात एकेक रस्ता रंगवलेला होता. सगळ्यांत खालच्या थराला काळा, मग निळ्या-जांभळ्या छटा, पुढे गुलाबी, खातीपिती घरं लाल, आणि श्रीमंतांचे रस्ते पिवळे. १८९०च्या दशकाच्या अखेरीस हा नकाशा सुधारताना बूथची माणसं गस्तीच्या पोलिसांबरोबर गल्लोगल्ली फिरली आणि दारं-खिडक्यांची अवस्था, मुलांच्या पायांतले जोडे असलं काय काय वह्यांत टिपत राहिली. गरिबी नेमकी कुठे आहे ते कळावं, हा त्यामागचा हेतू.

जेमतेम चाळीस-पन्नास वर्षांनी अमेरिकेत असेच रंगीत नकाशे निघाले, पण त्यांचा हेतू वेगळा होता. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने १९३५ ते १९४० या काळात दोनशेहून अधिक शहरांतल्या वस्त्यांना चार श्रेणी दिल्या: हिरवी, निळी, पिवळी आणि लाल. बूथच्या नकाशात लाल म्हणजे सुस्थितीतले लोक. इथे लाल म्हणजे धोका. प्रत्येक वस्तीसाठी एक छापील फॉर्म असे आणि तो भरताना स्थानिक दलाल आणि सावकारी पेढ्यांचा सल्ला घेतला जाई. इमारतींचं वय, डागडुजी, रहिवाशांचा व्यवसाय या रकान्यांच्या शेजारीच परदेशात जन्मलेली कुटुंबं किती टक्के, कृष्णवर्णीय किती टक्के, आणि वस्तीत कुणाची 'घुसखोरी' होते आहे, असेही रकाने होते. म्हणजे शेजारी कोण आहे, हे घराच्या दोषांच्या यादीत जाऊन बसलं.

इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. सगळं पाप या नकाशांच्या माथी मारायची पद्धत पडली आहे, ती पुरती बरोबर नाही. या संस्थेने आपली बहुतेक कर्जं नकाशे निघण्याआधीच वाटली होती, आणि त्यातली कितीतरी पुढे लाल ठरलेल्या भागांतली होती. खरं नुकसान केलं ते १९३४ मध्ये आलेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने. ही संस्था कर्जाला विमा द्यायची, म्हणजे कर्ज बुडालं तर ते देणाऱ्याला भरपाई मिळायची, आणि कुठल्या वस्तीत द्यायचा नाही याचे तिचे स्वतःचे नियम होते. विशिष्ट वंशाच्या माणसाला घर विकायचं नाही असा करार ज्या वस्तीत असेल, ती तिच्या लेखी चांगली. असे करार न्यायालयातून अमलात आणता येणार नाहीत, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये सांगितलं. घर विकताना भेदभाव करण्यावर कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये. मधल्या वीस वर्षांत उपनगरंच्या उपनगरं उभी राहून विकलीही गेली होती.

माणसांच्या मनात फारसा द्वेष नसतानाही वस्त्या फाटतात, हे थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये दोन प्रकारची नाणी पटावर मांडून दाखवलं. आपल्या शेजाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश आपल्यासारखे असावेत, एवढीच प्रत्येक नाण्याची अपेक्षा. ती पुरी होत नसेल तर नाणं उचलून मोकळ्या घरात ठेवायचं. काही खेळ्यांत पटावर दोन स्वच्छ वेगळ्या वस्त्या तयार होतात. घर निवडणाऱ्या प्रत्येकाची मागणी माफक, आणि सगळ्यांची मिळून तटबंदी.

आता दुसरा धागा, हप्त्याचा. १७७५ मध्ये बर्मिंगहॅममधल्या गोल्डन क्रॉस नावाच्या खानावळीचा मालक रिचर्ड केटली याने एक मंडळ काढलं. सभासदांनी दरमहा वर्गणी भरायची, पुरेसे पैसे साठले की एकाचं घर बांधायचं. सगळ्यांची घरं झाली की मंडळ बंद. थोडक्यात, घरांची भिशी. अशा मंडळांत पाळी कुणाची, हे बहुधा चिठ्ठी टाकून ठरे. १८३१ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या फ्रँकफर्ड गावी हीच कल्पना अमेरिकेत पोचली, आणि तिथलं पहिलं कर्ज मिळालं कॉमली रिच नावाच्या रस्त्यावरचे दिवे लावणाऱ्या माणसाला: ३७५ डॉलर. या व्यवस्थेत घर हवं असलेली माणसं एकमेकांशी बांधलेली होती. एकाचा हप्ता चुकला की दुसऱ्याचं घर लांबलं. आजच्यासारखी ती एकमेकांविरुद्ध बोली लावत नव्हती.

१९२०च्या दशकात अमेरिकेतलं गृहकर्ज म्हणजे साधारण निम्मी किंमत, मुदत तीन ते पाच वर्षं, आणि शेवटी मुद्दल एकरकमी फेडायचं. फेडता आलं नाही तर नवं कर्ज काढायचं. महामंदीत नवं कर्ज मिळेना, आणि १९३३ मध्ये दिवसाला हजाराच्या आसपास घरं जप्त होऊ लागली. तेव्हा होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने सुमारे १० लाख कुटुंबांची कर्जं आपल्याकडे घेऊन १५ वर्षांच्या समान हप्त्यांत बांधून दिली. मागून आलेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनच्या विमा योजनेने २० वर्षं आणि ८० टक्के कर्ज इथवर मजल नेली, आणि पुढे मुदत ३० वर्षांवर गेली. उपकारच होते ते; अमेरिकेत १९४० मध्ये ४४ टक्क्यांच्या आत असलेलं स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण १९६० पर्यंत ६२ टक्क्यांच्या घरात गेलं.

पण हिशेब जरा मांडून बघावा. व्याज ६ टक्के धरा आणि दरमहा ६०० भरायची ऐपत धरा. १५ वर्षांच्या मुदतीत कर्ज मिळतं साधारण ७१ हजार, २० वर्षांत ८४ हजार, ३० वर्षांत १ लाख. मुदत एकट्या माझीच वाढली तर मी इतरांपेक्षा पुढे. सगळ्यांची वाढली आणि चांगल्या वस्तीतली घरं तेवढीच राहिली, तर मिळतं तेच घर, फक्त दहा-पंधरा वर्षं जास्त फेडत. जादा रक्कम जमिनीच्या मालकाकडे जाते. खरेदीदाराला दिलेली सवलत विक्रेत्याच्या खिशात पडते, हे सूत्र त्यानंतर जवळपास प्रत्येक व्याजसवलतीत आणि करसवलतीत दिसत आलं आहे, जिथे नवं बांधकाम अडलेलं असतं तिथे तर हटकून.

चांगली वस्ती म्हणजे काय, याचं उत्तर मात्र बदलत गेलं, आणि त्यात शाळा वर येत गेली. क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये आदर्श वस्तीचा आराखडा मांडला तेव्हा मधोमध प्राथमिक शाळा ठेवली, पाव मैलाच्या अंतरात घरं, आणि मोठे रस्ते कडेने, म्हणजे मुलांना ते ओलांडावे लागू नयेत. १९५६ मध्ये चार्ल्स टीबू म्हणाले की लोक मतपेटीने नव्हे तर पायांनी मत देतात: ज्या गावचा कर आणि सेवा पटतील तिथे जाऊन राहतात. वॅलेस ओट्स यांनी १९६९ मध्ये न्यू जर्सीतल्या ५३ गावांचे आकडे तपासले. शाळेवर दर मुलामागे खर्च जास्त तिथे घरं महाग, कर जास्त तिथे स्वस्त. पायांनी दिलेलं मत घराच्या किमतीत नोंदलं जात होतं.

यात एक गोम होती. चांगल्या शाळेच्या परिसरात रस्ते, बागा, शेजारही चांगलाच असतो, मग शाळेचे नेमके किती? सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये ही गाठ सोडवली. बोस्टनच्या उपनगरांत त्यांनी एकाच गावातली, पण दोन शाळांच्या हद्दरेषेच्या अलीकडची-पलीकडची घरं घेतली. कर तोच, गाव तेच, शेजारही बहुतेक तोच. फरक एवढाच, की या बाजूची मुलं एका शाळेत जातात आणि त्या बाजूची दुसऱ्या. शाळेचे परीक्षेतले गुण ५ टक्क्यांनी जास्त असले तर पालक घरासाठी सुमारे २.५ टक्के जास्त मोजतात, असं निघालं. रेषा कागदावरचीच, आणि ती उद्या सरकवताही येते. नेमक्या त्याच रेषेसाठी माणसं तीस वर्षांचं कर्ज काढतात, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत चक्रावणारी वाटते.

एकाच घरामागे दहाजण लागले की काय होतं, याचा अभ्यास आधी तेलाच्या धंद्यात झाला. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलपट्ट्यांचे लिलाव जिंकणाऱ्या कंपन्या अपेक्षेपेक्षा कमी का कमावतात, हे तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये उलगडलं. दहाजणांच्या अंदाजांची सरासरी बरोबर असली तरी बोली जिंकतो तो सर्वांत चढा अंदाज असलेला. 'विजेत्याचा शाप' म्हणतात तो हाच. राहतं घर म्हणजे तेलपट्टा नाही, हे खरं. जास्त देणाऱ्याला ते खरोखर जास्त आवडलेलंही असू शकतं. पण पुढे विकू तेव्हा काय येईल, या अंदाजावर बोली चढवली की शाप लागू होतो. कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या चार ठिकाणच्या नव्या घरमालकांना प्रश्नावली पाठवली होती. भाव तापलेल्या शहरांतल्या लोकांना ते असेच चढत राहतील असं वाटत होतं, आणि या खात्रीमागे आकडेवारीचा आधार क्वचितच कुणी दिला. यंत्रालाही हा शाप चुकला नाही. २००६ पासून घराघराचा अंदाजित भाव सांगणाऱ्या झिलो या कंपनीने पुढे स्वतःच्या अंदाजांवर भिस्त ठेवून घरं विकत घ्यायला सुरुवात केली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मोठा तोटा सोसून तो धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं.

बोलीचे नियम जागोजागी वेगळे, आणि त्यावर खरेदीदाराची झोप अवलंबून. इंग्लंडमध्ये मालकाने होकार दिला तरी करारांची देवघेव होईपर्यंत तो कुणाला बांधलेला नसतो. मधेच जास्त देणारा आला तर पहिला हात चोळत बसतो. स्कॉटलंडमध्ये ठरलेल्या वेळेपर्यंत बंद पाकिटात बोली द्यायची, इतरांनी काय लिहिलं ते कळत नाही. मात्र डिसेंबर २००८ पासून घराच्या अवस्थेचा अहवाल विक्रेत्यानेच द्यायचा असतो. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये बऱ्याचदा घरासमोरच्या फुटपाथवरच उघडा लिलाव होतो. कोण किती बोललं ते सगळ्यांना ऐकू येतं, पण हातोडा पडला की फेरविचाराची मुदत नाही, बयाणा तिथल्या तिथे.

जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ३० वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ टक्क्यांवर होता. १ लाखाच्या कर्जाला पहिल्या दराने महिन्याला सुमारे ४०३ पडतात, दुसऱ्याने ७१९. एरवी दर एवढा चढला की घरं स्वस्त व्हावीत. पण तिथे बहुतेक कर्जांचा दर अखेरपर्यंत बांधलेला असतो, आणि घर विकलं की ते जुनं कर्ज फेडावं लागतं. ज्यांनी स्वस्तात कर्ज घेतलं होतं ते जागचे हललेच नाहीत. विक्रीला घरं मोजकी आली, आणि जवळपास दुप्पट हप्त्याची तयारी करून आलेली माणसं त्या मोजक्या दारांपुढे एकमेकांवर बोली चढवत राहिली.