टाइमशेअर: खरेदीखताचा आणि नुसत्या वापराचा

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमधल्या घराचा वर्षातला ठरावीक काळ, बहुतेकदा एक आठवडा, पैसे भरून आपल्यासाठी राखून ठेवणं. मात्र या एकाच नावाखाली दोन निराळे व्यवहार विकले जातात. एकात रीतसर खरेदीखत होतं आणि त्या घराच्या मालकीतला छोटासा हिस्सा तुमच्या नावावर येतो. दुसऱ्यात घर कंपनीचंच राहतं, तुम्हाला काही वर्षं ते वापरायचा हक्क मिळतो. हा हक्क हल्ली बऱ्याचदा पॉइंट्सच्या रूपात असतो, म्हणजे तुमच्या खात्यात ठरावीक गुण येतात आणि ते खर्चून राहायच्या रात्री घ्यायच्या.

कागद नावावर आहे म्हटलं की माणूस निर्धास्त होतो, आणि नेमका इथेच फसतो. खरेदीखताबरोबर वार्षिक देखभाल शुल्कही येतं आणि ते सहसा मालकी असेपर्यंत सुटत नाही. तुम्ही गेलात न गेलात, कर्ज फिटलं न फिटलं, ते भरायचंच. शुल्क वर्षागणिक वाढतं. छत बदललं किंवा वादळात इमारतीचं नुकसान झालं, की जादा वर्गणी वेगळी. स्वतःच्या घरालाही खर्च असतो, पण ते घर विकलं तर पैसे येतात. इथे मालकी आहे, गिऱ्हाईक नाही! अमेरिकेत लोक आपला आठवडा एका डॉलरला विकायला काढतात आणि तरी तो पडून राहतो, कारण घेणाऱ्याला शुल्काचं ओझंही उचलावं लागतं. मालक वारला तर हेच ओझं वारसांपुढे येतं. अनेक ठिकाणी त्यांना ते नाकारता येतं, पण त्यासाठी कायद्याची रीत आणि मुदत पाळावी लागते.

वापराच्या हक्काला निदान सहसा शेवटची तारीख असते. माझ्या मते या दोहोंत कमी वाईट हाच. पण मुदत संपली की हातात काही उरत नाही, आणि देखभाल शुल्क इथेही आहेच. कंपनी बुडाली तर मालकीचा आधार नसल्यामुळे कंपनीकडून पैसे येणं असलेल्या बाकीच्यांच्या रांगेत तुम्ही मागे उभे राहू शकता. पॉइंट्सची तर वेगळीच गंमत. आज जेवढ्या पॉइंट्समध्ये आठवडा मिळतो, तेवढ्यात उद्या पाचच रात्री मिळू शकतात. दरपत्रक बदलायचा अधिकार कंपनीने करारात बहुधा स्वतःकडे ठेवलेला असतो.

किमतीच्या बाबतीत मात्र दोन्हींची जात एकच. एका आठवड्याच्या किमतीला बावन्नने गुणा आणि तसंच आख्खं घर बाजारात केवढ्याला मिळतं ते पाहा. गुणाकार सहसा बराच मोठा येतो. त्या फरकात विक्रीचा खर्च असतो, म्हणजे ‘मोफत’ जेवण, भेटवस्तू आणि विक्रेत्याचं कमिशन. वर कंपनीच कर्ज देऊ करते, तेही चढ्या व्याजाने. आणि सुटायची धडपड सुरू झाली की ‘तुमचा टाइमशेअर विकून देतो, आधी फी भरा’ म्हणणारे फोन येऊ लागतात. अमेरिकेत ग्राहकांचं हित पाहणारा सरकारी आयोग, फेडरल ट्रेड कमिशन, अशा आगाऊ फी मागणाऱ्यांपासून सावध राहायला सांगतो.

न संपणाऱ्या बंधनाचा त्रास कायद्यालाही मान्य करावा लागला. स्पेनने १९९८च्या कायद्याने टाइमशेअरची मुदत ३ ते ५० वर्षांत बांधली. तरी बेमुदत करार होतच राहिले, आणि २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा करार रद्दबातल ठरवला. युरोपीय संघाच्या २००८च्या निर्देशानुसार ग्राहकाला कारण न देता माघार घ्यायला १४ दिवस मिळतात, आणि त्या काळात विक्रेत्याने आगाऊ रक्कम घ्यायची नाही, अनामतसुद्धा नाही. इतरत्र ही मुदत वेगळी, कुठे मुळीच नाही. म्हणून ‘ही सवलत फक्त आजच’ असं विक्रेता म्हणाला, तर करार घरी नेऊन वाचायला मागा. त्यात तीन गोष्टी शोधा: करार कधी संपतो, शुल्कवाढीला कमाल मर्यादा आहे का, आणि नको झाल्यावर कंपनी तो परत घ्यायला बांधील आहे का. तिसऱ्याचं उत्तर तोंडी मिळालं तर ते मिळालं नाही असंच धरा.